बिनफळ्याचा तास

आग्रे मॅडमची सकाळची गाडी कधी चुकली नाही, कारण गाडी स्टँडला लागायच्या पाऊण तास आधी त्या तिथे उभ्या असायच्या. रत्नागिरीहून आमच्या शाळेपर्यंत तासाभराचा रस्ता. हातखंब्याला हायवे ओलांडायचा आणि पुढे बारा किलोमीटर आत जायचं. मी गाडी सुटता सुटता धावत यायचे. मॅडमनी माझ्यासाठी खिडकीजवळची जागा पिशवी ठेवून धरलेली असायची. मी बसले की त्या म्हणायच्या,

"नीलिमा, समजा आज गाडी पाच मिनिटं आधी सुटली असती तर?"

"ती कधीच आधी सुटत नाही, मॅडम."

"म्हणून तर म्हणते, समजा."

त्या आमच्याकडे अकरावी-बारावीला गणित शिकवायच्या. मी खाली आठवी ते दहावीला मराठी. गणितातली निम्मी उदाहरणं 'समजा'नेच सुरू होतात, त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव समजा मॅडम ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. पण मुलांना वाटायचं तसा तो शब्द त्यांच्या तोंडी गणितातून आलेला नव्हता. समजा पाऊस पडला, समजा रस्ता खणून ठेवला असला, समजा परीक्षेच्या दिवशी एखादी मुलगी आजारी पडली. बोर्डाच्या परीक्षेत सगळ्या मुलांच्या हॉल तिकिटांच्या झेरॉक्स त्यांच्या पर्समध्ये असायच्या. शिवाय निळी पेनं, सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या आणि ग्लुकोजची पुडी. एका वर्षी धावड्यांच्या वाडीतली एक मुलगी खरोखरच हॉल तिकीट घरी विसरून आली. मॅडमनी पर्समधून तिची झेरॉक्स काढली, केंद्रप्रमुखांना दाखवली आणि तिला आत बसवलं. नंतर मात्र त्या फाटकाशी उभ्या राहून उरलेल्या झेरॉक्स पुन्हा पुन्हा मोजत होत्या. आपण म्हणतो ते कधी ना कधी घडतंच, याचा त्यांना पुरावा मिळाला होता.

अशा माणसाबरोबर रोज प्रवास करणं सोपं नसतं. रविवारी त्यांचा फोन यायचा, "उद्या पहिला तास माझाच आहे ना गं?" तो त्यांचाच आहे हे त्यांना पाठ असायचं. मी कधी कधी फोन उचलत नसे. आता त्याचं वाईट वाटतं.

त्यांच्या नोट्सचं नाव लांज्यापर्यंत झालेलं होतं. प्रत्येक धडा, प्रत्येक उदाहरण, एकेक पायरी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून काढली होती. कुठलं उदाहरण परीक्षेत कितव्या प्रश्नाला येतं हे समासात लाल पेनाने लिहिलेलं. दुसऱ्या शाळांतली मुलं त्यांच्या झेरॉक्स काढून न्यायची. वर्गात त्या फळ्यावर मांडणी करायच्या आणि म्हणायच्या, "लिहा." मग चाळीस माना खाली जायच्या. मी व्हरांड्यातून जायचे तेव्हा त्या वर्गातून पंखा आणि पेनं यांच्याशिवाय कसलाच आवाज यायचा नाही. आमच्या शाळेचा बारावी सायन्सचा निकाल वर्षानुवर्षं शंभर टक्के लागायचा. जूनमध्ये फाटकावर मुलांच्या फोटोंचा बॅनर लागायचा आणि मुख्याध्यापक घाग सर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो थांबवून दाखवायचे.

सानिका धावडे त्या बॅनरवर सगळ्यात वर होती. तिला पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तिचे आईवडील पेढे घेऊन शाळेत आले होते. तिच्या वाडीतून इंजिनीअरिंगला गेलेली ती पहिलीच.

पुढच्या जानेवारीत आमच्या शिपायाच्या मुलीचं लग्न लांज्याला होतं. जेवणं आटोपून आम्ही दोघी स्टँडकडे चालत निघालो. वाटेत काजूचा कारखाना आहे. जेवणाची सुट्टी झाली होती आणि बायका हात पुसत बाहेर येत होत्या. त्यांच्यातली एक मुलगी आम्हाला पाहून दुसरीच्या आड झाली. मला कळलंही नसतं. पण मॅडम थांबल्या.

"सानिका?"

ती पुढे आली. तिच्या बोटांची टोकं काजूच्या टरफलांच्या चिकाने काळी झाली होती. तिने हात ओढणीत घेतले.

"कॉलेजला सुट्टी आहे का गं?"

"नाय मॅडम. मी सोडलं."

"कधी?"

"दिवाळीला आले ती परत नाय गेले."

मॅडम तिच्या जवळ सरकल्या. "कुणी काही बोललं का तुला? हॉस्टेलवर काही झालं?"

"नाय वो. कोण काय बोललं नाय." मग ती सांगायला लागली, तेही अगदी शांतपणे, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. "पहिल्या दिवशी मी वही उघडून, पेन धरून बसले. सर बोलत होते, पडद्यावर काय काय दाखवत होते. मला वाटलं, आता सांगतील लिहा म्हणून. तास संपला. माझ्या वहीत नुसती तारीख होती. दुसऱ्या दिवशीपण तसंच. मग मी बाजूच्या मुलीला विचारलं, सर लिहायला कधी सांगतात. ती हसली. वाईट नाय हसली मॅडम, तिला वाटलं मी गंमत करतेय."

"मग सरांना विचारायचंस."

"कसं विचारतात तेच मला ठावूक नव्हतं. तुमच्या तासाला कधी विचारायला लागलंच नाय. सगळं वहीत असायचं."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मॅडमचं कौतुक म्हणून सांगितलं. तिच्या डोळ्यांत तेव्हाही त्यांच्याबद्दल तेवढाच आदर होता. आतून कुणीतरी हाक मारली, ती वाकून मॅडमच्या पाया पडली आणि गेली.

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीशी बसल्या. हायवेचं काम चालू होतं, लाल धूळ खिडकीतून आत येत होती, तरी त्यांनी काच लावली नाही. हातखंबा आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिने मला चांगलं म्हणून सांगितलं, नीलिमा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. मॅडमची रजा ही आमच्या शाळेत बातमीच होती. आम्हाला वाटलं, कुणी नातेवाईक आजारी असेल. त्या पुण्याला गेल्या होत्या, सानिकाच्या कॉलेजात. तिथल्या एका प्राध्यापकांना त्यांनी सांगितलं की मी खेड्यातली शिक्षिका आहे, मला तुमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक तास बसू द्या. ते भले गृहस्थ होते, त्यांनी बसू दिलं. परत आल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही डबे खात असताना त्यांनी ते सांगितलं.

"शेवटच्या बाकावर बसले. गणिताचाच तास होता. त्यात मला येत नाही असं काही नव्हतं. पण ते इतक्या भरभर बोलत होते, इंग्रजीत, मधूनच विनोद करत, की दोन ठिकाणी माझं सुटलं. शेवटी त्यांनी विचारलं, एनी डाउट्स? तीन-चार हात वर गेले. मला विचारायचं होतं. माझा हात वर जाईना. या वयाची बाई मी, आयुष्यभर हेच शिकवलेलं, आणि माझा हात मांडीवरून उठेना."

घाग सर पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "अहो मॅडम, आपली पोरं तिथपर्यंत पोचतात हेच खूप झालं. पुढचं पुढचे बघतील."

"पुढचे नाही बघत, सर. त्यांना वाटतं आपण बघितलंय."

सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी विषय बदलला.

जूनमध्ये अकरावीची नवी तुकडी आली आणि मॅडमनी शनिवारचा तास बदलला. त्या दिवशी त्या खडू हातात घ्यायच्या नाहीत. टेबलामागे उभं राहून पस्तीस मिनिटं बोलायच्या, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. "लिहा" म्हणायच्या नाहीत. शेवटी वह्या गोळा करायच्या आणि कुणी काय टिपून घेतलंय ते बघायच्या. आणि एक नियम होता. प्रत्येकाने महिन्यातून एकदा तरी उभं राहून प्रश्न विचारायचा. प्रश्न कसाही चालेल. मुलं त्याला बिनफळ्याचा तास म्हणायला लागली.

पहिल्या शनिवारी चाळीस वह्यांपैकी बहुतेक कोऱ्या आल्या. प्रश्न विचारायला कुणी उठेना. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, बाहेर जाऊ का?" वर्ग हसला. मॅडमनी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. म्हणाल्या, "प्रश्न आहे. चालेल."

माझा वर्ग शेजारीच होता, त्यामुळे मला एक गोष्ट दिसायची जी मुलांना दिसत नव्हती. शनिवारी त्या तासाला जाण्याआधी मॅडम नळावर जाऊन हात धुवायच्या, पुसायच्या, परत धुवायच्या. त्यांच्या तळहातांना घाम यायचा. मुलांपेक्षा त्याच जास्त घाबरलेल्या असायच्या.

त्या तुकडीत प्रणाली गोरिवले होती. बारीक, उंच, बोलताना मान किंचित वाकडी करणारी. तिचे वडील चिपळूणच्या पलीकडे लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला होते आणि तिथेच खोली घेऊन राहायचे. साप्ताहिक सुट्टीला घरी यायचे. घरी आई, आजी आणि ही. दोन-तीन महिने ती काही बोलली नाही. मग एका शनिवारी उठली आणि म्हणाली,

"मॅडम, अनंत ही संख्या नाय असं तुमी सांगितलंत. मग उत्तरात आपण बरोबरच्या चिन्हापुढे अनंत कसं काय लिहितो?"

मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, "मला याचं उत्तर नीट सांगता येत नाही. सोमवारपर्यंत वेळ दे."

मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये येऊन बसल्या आणि चहाचा कप तसाच हातात धरून राहिल्या. "आज पहिल्यांदा वर्गात म्हटलं, मला येत नाही."

"मग काय झालं? मुलं हसली का?"

"नाही. मुलं लिहायला लागली." त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. "मला येत नाही हे त्यांनी लिहून घेतलं, नीलिमा."

त्या रविवारी त्यांचे मला तीन फोन आले. मला गणितातलं काही कळत नाही हे माहीत असूनही त्या मला ते उत्तर तीनदा समजावत राहिल्या. सोमवारी त्यांनी ते वर्गात सांगितलं. प्रणालीचं समाधान झालं नाही, तिने आणखी एक प्रश्न विचारला. मॅडम त्या दिवशी परतीच्या गाडीत चक्क डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं, बरं वाटत नाही. पण त्या हसत होत्या.

दिवाळीनंतर त्यांनी सानिकाला एका शनिवारी वर्गात बोलावलं. मला वाटलं होतं, ती येणार नाही. पण ती आली. लांज्याहून दोन गाड्या बदलून आली आणि मुलांसमोर उभी राहून वहीतल्या तारखेची गोष्ट तिने जशीच्या तशी सांगितली. मुलं तिला तासभर प्रश्न विचारत होती. हॉस्टेलला खोलीत किती जणी असतात, मेसचं जेवण कसं असतं, सरांच्या केबिनला जाताना दार वाजवायचं की नुसतं उभं राहायचं. सानिकाला यातलं निम्मं माहीत नव्हतं. "ते मी केलंच नाय," असं ती सांगायची. पुढच्या वर्षी तिने रत्नागिरीत लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं. आता ती एका लॅबमध्ये रक्त तपासते. त्या शनिवारचा त्याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही. मॅडमनी तसा दावा कधी केला नाही.

मुलांना त्या एकेकटं रत्नागिरीला पाठवायच्या. तिथल्या कॉलेजात जायचं, एखाद्या ओळख नसलेल्या प्राध्यापकांना भेटायचं, पहिल्या वर्षाला काय असतं ते विचारायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. प्रणालीची वेळ आली तेव्हा शनिवारी दुपारी मीही बाजारात गेले होते. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक बाई तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसलेली दिसली. पायातल्या चपला ओळखीच्या होत्या.

"मॅडम?"

"हळू बोल. ती आत गेलीय. वीस मिनिटं झाली."

"मग काम होतंय म्हणून वेळ लागत असेल."

"समजा कुणी भेटलंच नसेल तर?"

"तर ती परत येईल."

"तेच बघायला बसलेय."

प्रणाली अर्ध्या तासाने बाहेर आली. हातात कागद होता आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. मॅडमनी वर्तमानपत्र आणखी वर घेतलं.

पालकसभेत मात्र हे सगळं गोड वाटलं नाही. बारावीच्या वर्षी पालकांनी विचारलं की नोट्स का कमी झाल्या, शनिवारचा तास फुकट का जातो, त्या तासात सराव का होत नाही. कोणी म्हणालं, कॉलेजात काय करायचं ते कॉलेजवाले बघतील, तुम्ही आधी मार्कांचं बघा. घाग सरांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "शनिवार ठेवा. पण बाकीचे पाच दिवस मला पूर्वीसारखे हवेत." मॅडमनी मान डोलावली. पाच दिवस त्या "लिहा" म्हणायच्या आणि सहाव्या दिवशी हात धुऊन वर्गात जायच्या.

त्या वर्षी दोन मुलं गणितात नापास झाली. फाटकावर बॅनर लागला नाही. सीईटीत प्रणालीला बरे गुण मिळाले, पण रत्नागिरीच्या जवळपासच्या इंजिनीअरिंग कॉलेजात तिचा नंबर थोडक्यात हुकला. जागा मिळाली ती पार जळगावला.

गोरिवले शाळेत आले ते रात्रपाळी करून थेट आलेले. डोळे लाल होते. स्टाफरूमच्या दारात उभे राहून त्यांनी मॅडमना विचारलं, "तुमीच ना त्या शनिवारच्या बाई?"

"हो. बसा ना."

"बसत नाय. एवढंच सांगतो. दोन वर्षातले शनिवार मोजले तर किती तास होतात बघा. तेवढा सराव झाला असता तर माझी पोर आज घराजवळ असती. आता तिला एवढ्या लांब टाकायची. तिची आई रडत बसलीय. तुमचा प्रयोग झाला, पण पोर कोणाची?"

मॅडम उभ्या होत्या. मला वाटलं, आता सानिकाचं सांगतील, पुण्याचं सांगतील. त्या म्हणाल्या, "तुमचं खरं असेल."

गोरिवल्यांना बहुतेक भांडण हवं होतं. ते मिळालं नाही तसे ते निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मॅडमना फार जड गेले. जेवणाचा डबा तसाच परत न्यायच्या. त्यांनी खरंच कॅलेंडर घेऊन शनिवार मोजले. मला म्हणाल्या, "त्यात किती गुण वाढले असते, हे कसं काढायचं?" मी म्हटलं, ते काढता येत नाही. त्या म्हणाल्या, "येत नाही. आणि नसते वाढले, हेही सिद्ध करता येत नाही."

एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती. त्या मला म्हणाल्या, "लोट्याला येतेस?" आम्ही चिपळूणला गाडी बदलून गेलो. सकाळची शिफ्ट सुटायची वेळ होती. कंपन्यांच्या बसेस रांगेने उभ्या होत्या, हवेत केमिकलचा औषधासारखा वास होता. मॅडमनी नाकाला पदर लावला नाही. फाटकातून माणसं बाहेर यायला लागली तसे गोरिवले दिसले. आम्हाला बघून ते दचकले. पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला, "प्रणालीला काय झालं काय?"

"नाही, नाही. ती बरी आहे. मी तुमच्याशी बोलायला आले."

समोरच्या टपरीवर आम्ही बसलो. चहा आला. मॅडमनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"मी बरोबर होते असं सांगायला मी आलेली नाही. मला ते माहीत नाही. फक्त शनिवारचा तास मी का घेते, ते तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या दिवशी जमलं नाही." त्यांनी घोट घेतला. "मी मुंबईला बी.एस्सी. केलं. तीन वर्षांत एकदाही हात वर केला नाही. सगळं पाठ केलं आणि पास झाले. कळलं काहीच नव्हतं, ते शिकवायला लागल्यावर कळलं. आणि मग मला मुलांची भीती वाटायला लागली. समजा कुणी काही विचारलं तर? म्हणून मी सगळं लिहून द्यायला लागले. एकही पायरी सोडली नाही. इतकं लिहून दिलं की कुणाला विचारायची गरजच पडू नये. लोकांना वाटतं, त्या नोट्स मी मुलांसाठी लिहिल्या. मी त्या माझ्यासाठी लिहिल्या होत्या."

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं प्रवास केला होता. हे मला पहिल्यांदा कळत होतं.

गोरिवल्यांनी हातातला ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "आमच्या प्लँटला नवीन पोरगा आला ना, तर त्याला पहिलं हेच सांगतात. व्हॉल्व्ह कुठला ते समजलं नाय तर विचार. अंदाजाने फिरवू नको. पण पोरं विचारीत नाय. लाज वाटते." त्यांनी चहा संपवला. "मना तुमचा राग हाय, मॅडम. तो काय आज जाणार नाय."

"असू दे."

"पण मी तिला पाठवतोय. ती म्हणते, जाते. तिची आई घाबरते, मी घाबरतो. ती नाय घाबरत. ते कशाने झालं मना ठावूक नाय."

चहा त्यांनी आम्हाला देऊ दिला नाही.

प्रणाली ऑगस्टमध्ये गेली. मॅडमनी स्वतःला नियम घातला होता, आठवड्यातून एकच फोन, रविवारी सकाळी. फोन करण्याआधी त्या कागदावर लिहून काढायच्या, काय विचारायचं नाही ते. जेवतेस का, हे नाही. भीती वाटते का, हे नाही. घरची आठवण येते का, हे तर नाहीच. मग विचारायचं तरी काय, असा प्रश्न पडायचा आणि त्या मला फोन करायच्या. पहिल्या सत्राच्या परीक्षा झाल्या. निकाल आज, उद्या करत लांबत गेला. मॅडमचा मोबाईल सदैव हातात. वर्गात त्या तो टेबलावर पालथा ठेवायच्या आणि दर थोड्या वेळाने उलटा करून बघायच्या. मुलांना दटावणाऱ्या बाई स्वतःच फोन बघतात म्हणून मुलं गालात हसायची.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस त्याच सुमारास आला. शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ ठेवला होता. संस्थेचे अध्यक्ष आले होते. व्यासपीठावर मॅडम मधल्या खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि नारळाखाली मोबाईल. अध्यक्षांनी भाषणात शंभर टक्के निकालाच्या वर्षांची आठवण काढली, नोट्सची काढली, शनिवारचा उल्लेख केला नाही. घाग सर म्हणाले, "आग्रे मॅडमनी आमच्या शाळेला शिस्त दिली." आता त्या दोन शब्द बोलतील, असं जाहीर झालं.

तेवढ्यात नारळाखालचा फोन वाजला. मॅडमनी पडद्यावर नाव पाहिलं, नारळ शेजारी बसलेल्या अध्यक्षांच्या हातात दिला आणि व्यासपीठावरून उतरून सरळ बाहेर गेल्या. सभागृह बघत राहिलं. घाग सरांनी मला खूण केली, जा, बोलावून आणा.

त्या व्हरांड्याच्या टोकाला कठड्याशी उभ्या होत्या. शाल एका खांद्यावरून घसरून जमिनीला लागली होती. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"किती विषयांत?" त्या विचारत होत्या. "एकाच? कुठल्या?" मग बराच वेळ त्या नुसतं ऐकत होत्या. मोकळ्या हाताने त्यांनी कठडा घट्ट धरलेला मला दिसला. एका विषयात प्रणाली राहिली होती, एवढं मला समजलं. मला वाटलं, आता या खाली बसतील. म्हणून मी पुढे झाले.

पण त्यांनी मागे न बघता हात वर करून मला थांबवलं.

"तू गेलीस?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या केबिनमध्ये? एकटी?" पुन्हा ऐकत राहिल्या. "पेपर दाखवा म्हणून तूच सांगितलंस? आणि कुठे चुकलं ते कळलं नाही, म्हणून त्यांनाच विचारलंस?"

आतून माईकवर कुणीतरी म्हणत होतं, उत्सवमूर्ती येतीलच. मुलांचा गलका सुरू झाला होता. घाग सर दारात येऊन उभे राहिले, त्यांनी मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं. मी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली.

मॅडमनी फोन या कानावरून त्या कानाला लावला, डोळे पुसले आणि कठड्यावर वाकून, अंगणातल्या उन्हाकडे बघत विचारलं,

"बरं, मग? मग सर काय म्हणाले?"